डावा हात कोणाचा

मी सातवी नापास. म्हणजे सातवीला दोनदा बसलो, पण तिला काय मी पटलो न्हाई. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे पार्ट निघतात, आणि तिथल्या टूल स्टोअरमधी मी वीस वर्षं एकाच लोखंडी स्टुलावर बसून हाय. कुणी खिडकीत येऊन म्हणलं, "मामा, बारा एमएमचं ड्रिल," की मी न बघता हात लांब करायचा आणि ड्रिल काढून द्यायचं. रॅकला नंबर न्हाई, डब्याला चिठ्ठी न्हाई. सगळं डोक्यात. डोक्यात दुसरं काही नसल्यामुळं जागा भरपूर व्हती.

मागच्या ऑडिटला गिऱ्हाईक कंपनीच्या माणसानं रिपोर्टात लिहिलं, की या स्टोअरची सिस्टीम म्हणजे एक माणूस हाय. मला वाटलं, कौतुक केलं. मी गावात पेढे वाटले. चार दिवसांनी मॅनेजर साहेबांनी बोलवून समजावलं, की अहो, ती तक्रार हाय. पुढच्या ऑडिटच्या आत सगळं कॉम्प्युटरवर पाहिजे, न्हाईतर स्टोअरला शिकलेला माणूस येणार आणि मी डिस्पॅचला खोकी उचलायला. माझे गुडघे घरातल्या घरात उठताना वाजतात. खोकी उचलली असती तर शेजारच्या कंपनीत ऐकू गेलं असतं.

क्वालिटी खात्यात लातूरकडचा एक भाऊ हाय, त्याला दया आली. त्यानं स्टोअरच्या कॉम्प्युटरवर एक एआय चालू करून दिलं. म्हणला, "मामा, तुम्ही नुसतं मराठीत बोलत ऱ्हावा. स्टोअरचं ॲप तेच बनवतंय." मी टोपी काढून बाजूला ठेवली, नमस्कार घातला, नाव-गाव सांगितलं. एआयनंबी नमस्कार केला. इथवर दोघंही सुशिक्षित वाटत व्हतो.

मग त्यानं विचारलं, स्टोअरचं काम कसं चालतं. मी सगळंच सांगितलं. कोण येतो, काय नेतो, कधी परत आणतो, आणि आल्याआल्या मी त्याला पहिलं काय विचारतो. पाच मिनिटांत ॲप तयार. वस्तूचं नाव, जागा, नेणाऱ्याचं नाव आणि खाली एक चौकोन: चहा झाला का? तिथं 'हो' दाबल्याशिवाय टूल मिळायचं न्हाई. हे काढून टाक म्हणायला मला जिवावर आलं. एवढ्या मायेनं केलेलं.

गाडी अडली ती जागेपाशी. रॅक नंबर काय, असं ते विचारत राहिलं. मी म्हणलं, नंबर न्हाईत, मी सांगतो तसं लिही. आणि स्टुलावर बसून हात दाखवत सुरू केलं. भोक मोजायचं गेज: डाव्या हाताला, दुसरी फळी, तेलाच्या डब्यामागं. पाइप पाना: पाठीमागं, वाकून. मधीच त्यानं विचारलं, "डावा हात कोणाचा?"

मी जरा तापलोच. म्हणलं, "माझा. आणखी कोणाचा?"

ते बिचारं 'ठीक आहे' म्हणलं आणि लिहीत गेलं. चार दिवस बोलून माझा घसा बसला. लातूरकर भावानं माझ्या स्टुलावर बसून दहा वस्तू शोधल्या, दहाच्या दहा सापडल्या. घरी जाऊन मी सांगितलं, मी डेव्हलपर झालो. आमच्याकडं डेव्हलपर म्हणजे बिल्डिंगा बांधणारा. बायको म्हणली, "मग आधी न्हाणीचं दार बसवा."

ऑडिटच्या दिवशी मी कामावर पोचलो तर स्टोअर ओळखू येईना. साहेबांनी जमिनीला नवा रंग देऊन पिवळे पट्टे मारलेले, कॉम्प्युटरचं टेबल कोपऱ्यात सरकवलेलं. माझं गोणपाट बांधलेलं स्टूल बाहेरच्या माणसाला दिसायला नको म्हणून भंगारात, आणि त्याच्या बदली नवी फिरती खुर्ची. मला ताकीद मिळाली, "तोंड बंद, हात खिशात. आज फक्त कॉम्प्युटर बोलेल."

या वेळी ऑडिटला मॅडम आल्या. खुर्चीवर बसल्या, भोक मोजायचं गेज मागितलं. ॲपनं विचारलं, चहा झाला का. मॅडमनी खरं तेच दाबलं, नाही. ॲप पुढं सरकेना. शेवटी साहेब स्वतः चहाला पळाले. चहा पिऊन झाल्यावर जागा उमटली: डाव्या हाताला, दुसरी फळी, तेलाच्या डब्यामागं.

मॅडमनी डावीकडं बघितलं. पाण्याचा कूलर. खुर्ची थोडी फिरवली, तर डावीकडं दार आलं. आणखी फिरवली, तर साहेब आले. साहेबांच्या मागंबी गेज नव्हतं. मी खिशात मुठी आवळून उभा. मला डिस्पॅचची खोकी दिसायला लागली, एकावर एक रचलेली.

मॅडम फिरायच्या थांबल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हा डावा हात कोणाचा आहे?"

"माझा, मॅडम."

"पण तुम्ही तर तिकडं उभे आहात."

"मी उभा न्हाई, मॅडम. बसलेला हाय, स्टुलावर. स्टूल भंगारात हाय."

साहेबांनी डोळे मिटले. मॅडम हसल्या न्हाईत, त्यांनी स्टूल आणायला सांगितलं. कुठं ठेवायचं हे विचारावं लागलं न्हाई. वीस वर्षांत जमिनीच्या कोब्याला चार पायांचे चार खळगे पडलेत, ते नव्या रंगातूनबी दिसत व्हते. मॅडम गोणपाटावर बसल्या, माझ्यासारखं खिडकीकडं तोंड केलं, डावा हात लांब केला आणि तेलाच्या डब्यामागनं गेज काढलं. मग आणखी आठ वस्तू काढल्या. ऑडिटला एवढ्या लागत न्हाईत, पण बाईंना उठवेना.

रिपोर्ट आला तेव्हा पेढे आणायच्या आधी मी तो लातूरकर भावाकडनं वाचून घेतला. माहिती बरोबर आहे. महिन्याभरात रॅकना नंबर घाला. तोवर स्टूल हलवू नये. साहेबांनी त्याच दिवशी स्टुलाचे पाय बोल्ट मारून कोब्यात जाम केले. ते पाना फिरवत असतानाच मी हळूच विचारलं, मग डिस्पॅचला कधीपासनं जाऊ.

"आणि नंबर कोण घालणार?" साहेब वर न बघता म्हणाले. "बसा गप."

मी बसलो. स्टूल पहिल्यांदाच डुगडुगलं न्हाई. कॉम्प्युटर जवळ ओढला आणि म्हणलं, बाबा, रॅकना नंबर टाकायचेत, डावीकडनं सुरू कर. त्यानं पुन्हा विचारलं, डावीकडनं म्हणजे कोणाच्या.

या वेळी मी तापलो न्हाई. म्हणलं, "स्टुलाच्या."