दिघेसरांनी वळवलेला रस्ता

कुठल्याही जमिनीचा नकाशा करायला घेण्याआधी दिघेसर तिथं जाऊन गवतात आडवे होत. चपला बाजूला, डोळे मिटलेले, हात पोटावर. नवा ठेकेदार घाबरून मला विचारी, "मॅडम, साहब की तबीयत तो ठीक है न?" सर डोळे न उघडताच म्हणत, "पाणी कुठून येतं, इथे कोण कोण राहतं, ते तर समजू द्या. मग पेन्सिल उठवू."

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, फ्रीगंज भागातल्या त्यांच्या ऑफिसात मी आर्किटेक्ट म्हणून लागले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. बोलता बोलता ते मधेच थांबत आणि खिडकीबाहेर पाहत राहत. वाक्य पुरं होईल या आशेनं समोरचाही बाहेर पाहू लागे.

शहराबाहेर एका शेठजींची कॉलनी व्हायची होती. जमिनीच्या मधोमध खोलगट भाग होता. पावसाळ्यात तिथं तळं साचे. काठावर शिंदीची झाडं आणि त्यांना लोंबणारी सुगरणींची घरटी. श्रावणातल्या एका सकाळी आम्ही गेलो. धुकं उतरलं होतं. घरटी वाऱ्यावर झुलत होती, तशीच खाली पाण्यात उलटी झुलत होती. त्यातली खरी कुठली, असं क्षणभर वाटून गेलं.

शेठजींना तिथं भराव घालून प्लॉट पाडायचे होते. सरांनी नकाशात तळं तसंच ठेवलं, काठाला झाडी ठेवली, कुंपणाच्या भिंतीखाली मुंगसं जातील एवढ्या फटी दाखवल्या आणि घरट्यांवर उजेड पडू नये म्हणून त्या बाजूचे दिवे ठेंगणे केले.

"दिघे साहब, मैं कॉलोनी बना रहा हूँ, जंगल नहीं," शेठजी म्हणाले.

"सेठजी, भराव डालोगे तो यही पानी लोगों के घरों में घुसेगा," सर शांतपणे म्हणाले. "रहने दो इसे."

शेठजींनी नाइलाजानं तळं मान्य केलं. मात्र मुख्य रस्ता शिंदीच्या झाडांच्या जागेवरूनच सरळ जायला हवा, असा त्यांचा हट्ट. पिल्लं उडेपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही, एवढं सरांनी कबूल करून घेतलं.

पण मजुरांपर्यंत तो निरोप पोहोचला नाही. आम्ही गेलो तेव्हा एक झाड आडवं पडलं होतं. घरटी चिखलात विखुरली होती, एकदोन अजून हलत होती. वर माद्या भिरभिरत होत्या. सर चिखलात गुडघे टेकून बसले. त्यांनी एक घरटं उचलून मांडीवर घेतलं. मजूर ओशाळून दूर उभे राहिले. तेवढ्यात शेठजींची गाडी आली. सरांनी कुणाला दोष दिला नाही. ते घरटं त्यांनी शेठजींच्या हातात ठेवलं. आतली धडपड तळव्याला जाणवली असावी. शेठजींनी दुसरा हातही घरट्याखाली धरला.

"रास्ता मोड़ दो," अखेर ते म्हणाले.

त्या घरट्यातली पिल्लं जगली नाहीत. बाकीची झाडं मात्र राहिली आणि रस्ता त्यांना वळसा घालून गेला.

पुढे सर मुलीकडे नाशिकला गेले. कॉलनीत माणसं राहायला आली. डास होतात, साप निघतात, म्हणून तळं बुजवून कारंजं करावं, असं तिथल्या समितीत ठरू लागलं. मी बैठकीला गेले. चारचौघांत बोलायची मला सवय नाही, तरी उठले. पाणी कुठून येतं, भराव घातला तर ते कुणाच्या दारात जाईल, डासांच्या अळ्या कोण खातं, सगळं सांगितलं. बराच वाद झाला, पण तळं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना फोन केला. ते आजारी होते, आवाज खोल गेला होता. मी सगळी हकिकत सांगितली.

"यंदा पिल्लं झालीत का गं?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं नाही, सर. बैठकीच्याच गडबडीत होते."

"मग फोन ठेव, वसुधा. जाऊन बघून ये."

मी गेले. पिल्लं होती. ते सांगायला संध्याकाळी फोन लावला, तर तो त्यांच्या मुलीनं उचलला. "बाबा दुपारीच गेले," ती म्हणाली.