किड्याच्या बारशाचा फ्लेक्स

समुद्राच्या तळाशी, जिथं सूर्याचं ऊनही पोचत नाही, तिथल्या एका किड्याला माझं नाव आहे. खोटं वाटतंय? बरोबर आहे, खोटंच आहे! पण त्याचा फ्लेक्स शाहूपुरीत लागला होता, एवढं मात्र खरं.

मी आनंदा मामा. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबचा शिपाई. शिक्षण सातवी, तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पास. रिटायर झालो तरी रोज लॅबमध्ये जातो, कारण घरी बायको माझ्या विनोदाला हसत नाही. आमच्याकडचे किस्से म्हणजे लॅबमधल्या बाटल्याच. एक ठेवून कपाट लावावं, परत उघडावं तर चार! टाकवत नाहीत, आणि स्पिरिटात असल्यामुळं नासतही नाहीत.

*

हिरेमठ मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. माहेर निपाणीचं. बोलणं कमी, बघणं जास्त. जहाजावरचे शास्त्रज्ञ खोल समुद्रातले किडे काढतात आणि ओळख पटवायला मॅडमकडं पाठवतात. समुद्राच्या तळाला म्हणे भेगा असतात. त्यातनं कढत पाणी धुरासारखं उसळतं, आणि त्याच्यातला गाळ साठून धुराड्यासारख्या चिमण्या उभ्या राहतात. त्या चिमण्यांना हे किडे नळ्या करून चिकटलेले.

कॉलेजच्या प्रदर्शनात मॅडम हे सगळं समजावून सांगत होत्या. साखर कारखान्याच्या बिद्रीचे एक पावणं अगदी कान देऊन ऐकत होते.

"चिमणी हाय म्हणता?"

"हो."

"धूर निघतोय?"

"तसाच दिसतो."

"आन् गरम पाणी सोडत्यात?"

"हो, हो!" मॅडम खूश. एवढं लक्ष विद्यार्थीही देत नाहीत.

पावण्यांनी आवाज खाली आणला. "मग चेअरमन कोण हाय?"

*

किडा नवा आहे हे ठरवायची रीत मोठी गमतीची. आजवर सापडलेल्या त्याच्या सगळ्या भावकीशी ताडून बघायचं. केस बघायचे, कल्ले बघायचे, नळी बघायची. लग्न जमवण्यासारखंच सगळं, फक्त उलटं. कुठंच जमलं नाही की पेढे!

कदम सर तेव्हा नवीन लागलेले, मॅडमवर छाप पाडायला उतावीळ. मी घरनं शिजवलेली शेवई आणली, बिटाच्या रसात बुडवली आणि काचेच्या ताटलीत घालून सरांच्या मायक्रोस्कोपखाली सरकवली. स्वच्छ ताटली, माझीच.

सरांनी सकाळ त्यात घालवली. मग पळत मॅडमना बोलावून आणलं. "मॅडम, डोळे नाहीत, तोंड नाही, पोट नाही! आपल्या नळीतल्या किड्यांशी सगळं जुळतंय. पण कल्लेसुद्धा नाहीत! नवीनच जात आहे!"

मी पुढं झालो, नवीन जात चिमटीत उचलली आणि तोंडात टाकली.

मॅडमनी ताटलीचा वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि गेल्या. सरांनी ताटली माझ्या हातात दिली. म्हणाले, "काय का असंना मामा, वर्णन तर बरोबर हुतं की!"

*

एकदा मुरगूडचे एक पुढारी लॅब बघायला आले. किड्याची एक बाटली उजेडाला धरून विचारलं, "ह्याचा उपयोग काय?"

मॅडम म्हणाल्या, "उपयोग पुढचा. अजून ह्याला नावच ठरलेलं नाही."

पुढाऱ्यांनी बाटली खाली ठेवली. "आमच्या जावयाचं बरं म्हणायचं. नाव तरी हाय!"

*

हाच तो किडा. कुणाशीच जमला नाही. मॅडमनी सगळं तपासून सांगितलं, नवा आहे, आणि नाव ठेवायचा मान आपला!

झालं. प्राचार्य लॅबमध्ये उगाच चकरा मारायला लागले. कदम सर मॅडमची बॅग उचलायला लागले. आणि मी चहाच्या गाड्यावर बोलून बसलो, "नाव माझंच! बाटल्या आजवर धुतल्या कुणी?"

गाड्यावर सुभ्या होता. त्याचं शाहूपुरीत फ्लेक्सचं दुकान. कोल्हापुरात बातमी खरी व्हायच्या आधी फ्लेक्स लागतो. दुसऱ्या दिवशी चौकात माझा गॉगल घातलेला फोटो, शेजारी तेवढ्याच मापाचा किडा, आणि खाली मोठ्या अक्षरात: 'समुद्राच्या तळापर्यंत पोचलेले एकमेव नेतृत्व! मा. आनंदा मामा यांचे नाव किड्याला दिल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

एक म्हातारी थांबली, हात जोडले. "कधी गेलं ओ? चांगलं दिसत हुतं." मी शेजारीच उभा!

तिच्या नातवानं निरखून बघितलं आणि मला विचारलं, "ह्यातला किडा कंचा?"

संध्याकाळी बायको एवढंच म्हणाली, "नाव न्हाई ठेवलं, तर चौकातनं जाऊ नगासा. मागच्या गल्लीनं जावा."

चौक टाळून मी जाणार कुठं? चहा तिथं, पान तिथं, सगळी दोस्तमंडळी तिथं.

*

सकाळी आलं ठेचून चहा केला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी येताना चौकात स्कूटर थांबवून फ्लेक्स पुरता वाचला होता, हे कदम सरांनी मला आधीच आनंदानं सांगितलेलं.

"मॅडम," मी म्हटलं, "आता थट्टा न्हाई. अख्खी शाहूपुरी बघायला लागलीया. माझ्या अब्रूचा प्रश्न हाय. द्या की माझं नाव! तुमचं काय जातंय?"

मॅडमनी मायक्रोस्कोपवरचा डोळा काढला नाही. एरवी छापील बोलणारी बाई, पण त्या दिवशी सरळ घरच्या बोलीत आली.

"मामा, ह्या किड्याला तोंडच न्हाई. जन्मभर नळीत गप बसून असतंय. ह्याला तुमचं नाव दिलं, तर तुम्हाला ओळखणारं अख्खं कोल्हापूर म्हणंल, बाईनं किडा नीट बघितलाच न्हाई!"