भाचीच्या कांदेपोह्यांचा पंचनामा

माझ्या सरकारी नोकरीतला पहिला गुन्हेगार मी रोह्याला, सख्ख्या बहिणीच्या स्वयंपाकघरात रंगेहाथ पकडला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पेणला कृषी खात्यात निरीक्षक होतो. परवाना नसताना घरोघरी औषध फवारत फिरणाऱ्यांना पकडायचं, हे माझं काम. वर्ष होत आलं तरी एकही सापडला नव्हता. (खात्याची जीप गावात पोचायच्या आधी तिचा आवाज पोचायचा.)

अशात ताईचा फोन आला. रविवारी चार वाजता रेखाला, म्हणजे माझ्या भाचीला, बघायला खांब गावची मंडळी येणार होती. घर चांगलं, मुलगा चांगला, आणि रेखाला तो आधीच आवडलेला. अडचण एकच, ताईच्या घरातली झुरळं! पावसात ती इतकी वाढली होती की पोह्यांच्या आधी तीच पाहुण्यांपुढे आली असती. म्हणून तिनं गजाला बोलावलं होतं. गजा मिठागरावरचा कामगार. पावसाळ्यात मिठागर बंद, तेव्हा हा भातशेतीचा पंप पाठीला लावून लोकांची झुरळं मारत हिंडायचा. परवाना अर्थातच नव्हता.

मला आनंद लपवता येईना. तुझ्याच घरी धाड घालतो, असं ताईला सांगून टाकलं. तिनं शांतपणे अट घातली, "घाल. पण आधी त्याला सगळं घर मारून होऊ दे."

रविवारी दुपारी मी साध्या कपड्यांत हजर. पंच म्हणून भावोजी आणि शेजारचे गुरुजी. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, पण खरं बोलण्यातून नव्हे. त्यांना मी बजावून ठेवलं, की डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं, माझ्या शब्दावरही जायचं नाही.

गजा आला. त्यानं पंपात पाणी भरलं, बाटलीतलं औषध अंदाजानं ओतलं आणि नळी आढ्याकडे रोखली. झुरळं मोरीत आणि हा बघतोय आढ्याकडे! पुण्याला मी याच विषयाचं चार दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. राहवेना, म्हणून त्याला थांबवून सांगितलं, की मोरीपासून सुरुवात करायची, मग फडताळामागून पुढे यायचं.

"आमी अडानी मानसं," गजा म्हणाला. "तुमी दाखवा की, भाऊ."

मी दाखवलं. पंप पाठीवर घेतला आणि मोरी, फडताळ, माळा, देव्हाऱ्याची मागची बाजू... असा रंगलो की घर संपलं तेव्हा वाईट वाटलं. गजा तोवर ओटीवर बसून चहा पीत होता. मग मला धाड आठवली. बाहेर येऊन ठेवणीतल्या आवाजात मी माझं पद जाहीर केलं आणि गुरुजींना पंचनामा वाचायला सांगितला.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि वाचलं, की सदर इसम, अंगात निळा सदरा, पाठीवर पंप, स्वयंपाकघरात फवारणी करताना समक्ष आढळला. मी समाधानानं मान डोलावली. मग लक्षात आलं, निळा सदरा माझा होता.

"गुरुजी, गजाचं नाव लिहा ना."

"त्यानं थेंबही मारलेला नाही. तुमच्याकडे परवाना आहे का?"

माझ्याकडे परवाने तपासायचा अधिकार होता. परवाना नव्हता.

तेवढ्यात अंगणात पाहुणे! खांबहून येणारी एसटी जन्मात पहिल्यांदा वेळेआधी पोचली होती. पंपाचा पट्टा खांद्यात अडकून बसलेला. हे कोण, असं मुलाच्या आईनं विचारलं. माझा भाऊ साहेब आहे, असं वर्षभर गावाला ऐकवणाऱ्या ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"फवारणीवाले हायत," ती म्हणाली.

मी मान खाली घालून कोपऱ्यात उभा राहिलो. रेखा चहाचा ट्रे घेऊन आली, आणि माझ्या शास्त्रशुद्ध फवारणीचा गुण दिसू लागला. फडताळामागची झुरळं झिंगत झिंगत एकेक करून बैठकीत यायला लागली. त्यातलं एक थेट मुलाच्या पायाकडे निघालं. एवढं चांगलं स्थळ माझ्या हौसेपायी मोडणार होतं.

रेखानं ट्रे जराही न हलवता ते झुरळ टाचेखाली चिरडलं आणि मुलाला विचारलं, "साखर लागेल का अजून?"

"पोरगी धीराची हाय," मुलाची आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "औषध पण जालीम हाय हो तुमचं. आमच्याकडं कधी येताय?"

लग्न लागेपर्यंत तू फवारणीवालाच, असा ताईचा हुकूम सुटला. पुढच्या रविवारी मी खांबला जाऊन त्यांचं माजघर, माळा आणि गोठा फवारला. हाताखाली गजा. ("मोरीपासून, भाऊ," तो आठवण करून द्यायचा.) निघताना त्यांनी पायलीभर वाल दिले, म्हणजे रीतसर धंदाच झाला.

लग्नात भटजींनी मुलीच्या मामाला हाक मारली. फेटा बांधून, रेखाला घेऊन मी बोहल्याशी आलो आणि विहीणबाई भर मांडवात म्हणाल्या, "अगो बाय, हा तर झुरळवाला!" मांडव हसला. अंतरपाटाआड रेखा सगळ्यात जास्त हसली आणि मग मलाही आवरेना.

गुरुजींनी तो पंचनामा आहेराच्या पाकिटात घालून माझ्या हातात दिला. गजाचा अर्ज मी स्वतः भरला आणि त्याला परवानाही मिळाला. पण माझ्या अख्ख्या नोकरीत विनापरवाना फवारताना रंगेहाथ सापडला तो एकच इसम, आणि तोही अगदी जवळचा निघाल्यामुळे सोडून द्यावा लागला.