वाल्डा पास्को मदत मागते

वाल्डा पास्कोने सत्तावीस वर्षं गावच्या शेतकी प्रदर्शनात केक तपासले. ऑस्ट्रेलियातल्या विमेरा भागातल्या त्या गव्हाच्या गावात हा मान काही लहानसहान नव्हे. स्पंज केक मधोमध जरा बसलेला दिसला, की बाई सुरी खाली ठेवून पुढच्या टेबलाकडे वळायची. मग तो केक पाद्र्याच्या बायकोचा का असेना. आयुष्यभर जिने दुसऱ्यांना गुण दिले, तिला त्र्याऐंशीव्या वर्षी स्वतः कमी गुण कसे मिळवायचे ते कोण शिकवणार?

आणि नेमके कमीच गुण हवे होते. म्हाताऱ्या माणसांना घरी राहूनच मदत द्यायची सरकारी योजना आहे. अंघोळ घालायला, औषधं द्यायला, झाडपूस करायला माणूस घरी येतो. पण आधी तपासणीस येऊन बघणार, की हे माणूस कितपत थकलंय. जेवढं थकलेलं, तेवढी मदत. वाल्डा जानेवारीपासून दोनदा पडली होती. डॉक्टरने स्वच्छ सांगून टाकलं होतं, की घरात मदत आली नाही आणि ही तिसऱ्यांदा पडली, तर ऐंशी किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात जागा बघा. वाल्डाला आपलं घर सोडायचं नव्हतं. नवरा त्याच घरातून गेला होता, तिलाही तिथूनच जायचं होतं.

अर्ज केला तो तिच्या मुलीने, गेलीनने. गेलीन जीलाँगला एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते; साडेतीन तासांचा रस्ता. जेवणाच्या सुट्टीत ती सरकारी नंबर फिरवायची आणि कानाला तेच ते पियानोचं रटाळ संगीत लावून सँडविच खायची. तीन आठवड्यांनी सरकारी कचेरीतून वाल्डालाच फोन आला. कशा आहात? "तक्रारीला जागा नाही." बाजारहाट कोण करतं? "मीच." बाजारहाट खरं तर शेजारची नोला करायची. हे गेलीनला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला.

तरीही घरी तपासणीची तारीख मिळाली, एप्रिलमधली. गेलीन पहाटे निघून गावात पोचली आणि दारातच थबकली. घर आरशासारखं लखलखत होतं! महिला मंडळाच्या चौघीजणी आदल्या दिवशी येऊन खिडक्या पुसून गेल्या होत्या, कुणाच्या तरी नवऱ्याने गवत कापलं होतं. वाल्डा मोत्यांची माळ घालून, लिपस्टिक लावून खुर्चीत बसली होती. टेबलावर नोलाने केलेला स्पंज होता, क्रीम आणि पॅशनफ्रूट घातलेला.

"वॉकर कुठे गेला?" गेलीनने विचारलं.

"मागच्या शेडमध्ये. पाहुणे यायचेत, मध्ये कशाला ते धूड?"

"आई, पाहुणे नाहीत गं ते! ती तपासणीस तुझी दैना बघायला येतेय!"

"मग कशाला येतेय? दैना बघायची तर टीव्ही आहे की घरी."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. इथे तर भांडं घासूनपुसून फडताळात मांडून ठेवलं होतं!

तपासणीला आली ती बियांका नावाची तिशीची मुलगी. वागायला गोड, पण कामाच्या ओझ्याने वाकलेली. त्या दिवसातलं तिचं हे चौथं घर होतं. तिने विचारलं, खुर्चीतून उठता येतं का? वाल्डा दात-ओठ आवळून उठली आणि वर हसली. स्वयंपाक? वाल्डाने केकचा मोठा तुकडा कापून तिच्यापुढे सरकवला. "तूच खाऊन सांग." आणि जिने दुकानातला केक आणून मिरवणाऱ्या बायकांना सत्तावीस वर्षं बाद केलं, ती हे ढळढळीत खोटं बोलताना पापणीसुद्धा हलवेना. गेलीन मागून खुणा करत होती, खोकत होती. बियांकाने तिला पाणी हवं का म्हणून विचारलं.

मे महिन्यात पत्र आलं. श्रीमती पास्को स्वतंत्रपणे उत्तम राहतात. पंधरवड्यातून दोन तास साफसफाई मंजूर, तीही नंबर लागेल तेव्हा. दर्यात खसखस! गेलीनने पत्र दोनदा वाचलं आणि गाडीत बसून रडली. राग सरकारचा होता, त्याहून जास्त आईचा. फेरतपासणीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी, पुन्हा तो पियानो. जुलैतली तारीख मिळाली. मग आठवडाभर रोज फोनवर शिकवणी चालली.

"तुझा सगळ्यात वाईट दिवस सांगायचा. चांगला नाही. वाईट!"

"परक्या पोरीला?"

"तिलाच! नाहीतर उद्या वृद्धाश्रमात सगळ्या परक्याच असतील."

त्यावर वाल्डाने तपासणीची वेळ कॅलेंडरवर लिहून घेतली. बाणा कितीही असला, तरी तिला हिशोब कळत होता.

जुलैत केक नव्हता. वॉकर खुर्चीला टेकवून ठेवला होता आणि वाल्डाने माळ घातली नव्हती. गेलीनला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पुन्हा बियांकाच आली होती. औषधं विसरता का? विसरते. रात्री उठता येतं का? भिंत धरून. एकेक उत्तर दाढ उपटावी तसं निघत होतं.

"अंघोळ कशी करता?"

वाल्डाने मांडीवरच्या रुमालाची घडी घातली, मोडली.

"करत नाही," ती म्हणाली. "जानेवारीत टबात पडले. तेव्हापासून त्या टबाची कड ओलांडायचा धीर होत नाही. बेसिनपाशी उभी राहून अंग पुसते. पाठीला हात पोचत नाही."

गेलीनने मनात महिने मोजले. जानेवारी ते जुलै. दर महिन्याला ती येत होती. आईचे केस नीटनेटके असायचे, ते दर शुक्रवारी सलूनमध्ये धुतले जात म्हणून. अंगाला लॅव्हेंडरच्या पावडरीचा वास यायचा. आई सरकारशी खोटं बोलते म्हणून ती इतके महिने चडफडत होती. आपल्याशीही बोलत असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

बियांका मृदू आवाजात म्हणाली, "मुलगी मदत करते ना?"

वाल्डा ताठ झाली. स्वतःची लक्तरं वेशीवर टांगली ती टांगली, लेकीची ती टांगू देणार नव्हती.

"म्हणजे काय! गेलीन दर शनिवारी येते. सगळं बघते. अशी मुलगी नशिबाने मिळते."

बियांका फॉर्मवर लिहू लागली. गेलीनला शेजारून वाचता येत होतं: घरच्यांची नियमित मदत उपलब्ध. या एका ओळीने आत्ता पदरात पडू पाहणारी मदत पुन्हा जाणार होती. आणि गप्प बसणं किती सोपं होतं! अशीच लेक म्हणून तर तिला या गावात ओळख हवी होती. तिचे कान तापले.

"खोटं आहे ते," गेलीन म्हणाली. "मी महिन्यातून एकदा येते. शनिवारी दुपारी येते आणि रविवारी जेवून निघते. आईची पाठ मी एकदाही घासलेली नाही."

"गेलीन!" वाल्डा कडाडली. "घरातल्या गोष्टी अशा बाहेरच्यांसमोर बोलतात?"

"घरातली गोष्ट मला तरी कुठे माहीत होती, आई?"

वाल्डाने रुमालाची पुन्हा घडी घातली. घरच्यांच्या मदतीची ती ओळ बियांकाने खोडली.