दोर धरलेला खलाशी

नेपरव्हिलला आमच्या शेजारी एक्क्याऐंशी वर्षांचे सर्बियन आजोबा एकटेच राहतात. माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी कशाला येईल; पण टोमॅटोच्या वाफ्यावरून दोघांची चांगली गट्टी जमली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी ते आमच्याकडे आले आणि मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली आहेस ना? मला एक जुनी फिल्म शोधून दे."

फिल्म १९३४ सालची होती. युगोस्लाव्हियाचा राजा जहाजाने फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरला आणि काही मिनिटांतच उघड्या गाडीत त्याचा खून झाला. बातम्यांच्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं. आजोबांचे वडील तेव्हा बावीस वर्षांचे, त्याच जहाजावर खलाशी. राजाला धक्क्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीचा दोर त्यांच्या हातात होता.

"बाबा मरेपर्यंत एकच सांगायचे," ते म्हणाले. "मी दोर जरा हळू बांधायला हवा होता. गाडी उशिरा निघाली असती, मारेकऱ्याची वेळ कदाचित चुकली असती. घरात त्या फिल्मचं नाव काढायची सोय नव्हती."

वडिलांचा तरुणपणीचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. देश सोडताना सगळं मागे राहिलं होतं.

फिल्म सापडायला वेळ लागला नाही. वेगवेगळ्या प्रती होत्या. एका लांबलचक प्रतीत बोट धक्क्याला लागताना दिसली. मी ती थांबवत थांबवत पुढे नेली. पुढच्या टोकाला एक सडपातळ खलाशी वाकलेला होता. क्षणभर त्याने मान वळवली.

"सांगता येत नाही," आजोबा म्हणाले. "मी पाहिलं ते पोट सुटलेले, टक्कल पडलेले बाबा."

आई माझ्या मागे उभी होती. "अगं, मी केव्हाची कानच पाहून राहिली," ती म्हणाली. "यांचेच कान आहेत. वरून टोकदार."

मी भाषांतर केलं. त्यांनी हात उचलून स्वतःच्या कानाला लावला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

मी फिल्म बंद करायला गेले तर म्हणाले, "नको. आता पूर्ण बघू."

राजा धक्क्यावर उतरला. स्वागताला आलेल्यांशी हात मिळवले, सैनिकांसमोरून चालत गेला. मग गाडी हळूहळू निघाली. गर्दीतून एक माणूस धावत येऊन गाडीच्या पायरीवर चढला. पुढे नुसती धावपळ, आणि मग गाडीत मागे कललेला राजा. आईने तोंड फिरवलं. आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत बसले.

"परत लाव. फक्त धक्क्यावरचं."

मी लावलं.

"बघितलंस? किती जणांशी हात मिळवतोय. किती थांबतोय," ते म्हणाले. "आणि गाडी तर माणूस चालतो तेवढ्याच वेगाने चाललीय. दोराने काय फरक पडणार होता?"

त्यांचा आवाज मोकळा होता. डोळे भरले होते, पण ते हसत होते. आईने न विचारता चहा टाकला, आणि त्यांनी तीन चमचे साखर घालून तो प्यायला.

पुढच्या आठवड्यात मी त्या खलाशाचं चित्र मोठं करून छापून दिलं. ते फ्रेम करून त्यांनी गाडी काढली आणि मिलवॉकीला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला दाखवायला नेलं. परत आले ते रिकाम्या हाताने.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, बाबा इतके बारीक कधी नव्हतेच. आणि फ्रेम काही सोडायला तयार नाही. मला दुसरी कॉपी काढून देशील?"