ओळखा, डब्यात काय?

हे सगळं मला नीट आठवतंय की नाही, अशी शंका आहे. माझ्या बाबतीत ती जुनीच! धुळ्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून रिटायर झालो आणि रावेरला मुलाकडे राहायला आलो. सूनबाई घरातच लहान मुलांची नर्सरी चालवते. "बाबा, सणावाराला आणि अ‍ॅक्टिव्हिटीला तेवढी मदत करा," म्हणाली. तेव्हापासून किस्से साठतच गेले. बहुतेकांत तोंड लपवायची वेळ माझ्यावरच!

*

पहिली अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे कागदी कपात हरभरा पेरणे. मूळ फुटलं का, या काळजीनं मी रोज सकाळी माती उकरून बघायचो. माझं बघून मुलंही उकरायची. आठवडा झाला, एकाही कपात कोंब नाही. आणि माझी पीएचडी बियांच्या अंकुरणावर!

शेवटी चार वर्षांचा टिनू म्हणाला, "आबा, तुम्ही त्याले झोपूच नाही देत!"

*

मग केळीच्या बागेची सहल. एखादं मूल हरवेल या धास्तीनं मी सारखा मोजत होतो. परत आलो, तर एक जास्त! पाठोपाठ बागेत कामाला असलेली बाई धापा टाकत आली.

"सर, इतके पोरं कमी पडले का, आमचा बी उचलला?"

मला मान वर करवेना. तिचा मुलगा मात्र आमच्या मुलांत बसून शिरा खात होता.

*

पोळ्याला मुलांनी मातीचे बैल केले. गच्चीवर वाळत ठेवले. ढग आले की आत घ्यायचे, एवढं एकच काम माझ्याकडे. मी विसरलो. दुपारी सर येऊन गेली. मुलं वर आली, तर नुसता चिखल.

टिनू ओरडला, "बैल शेण टाकून पळाले!"

सगळे हसले. सूनबाई हसली नाही. जिना उतरताना हळूच म्हणाली, "बाबा, हल्ली विसरायला होतं का?"

माझ्या थोरल्या भावाची सुरुवात अशीच झाली होती. शेवटी शेवटी तो आम्हालाही ओळखत नसे. त्या दिवसापासून मी गॅस, नळ, कुलूप सगळं दोनदोनदा बघू लागलो.

*

मग गुलाबाई बसल्या. मातीची मूर्ती मांडून केलेला आमचा खानदेशी भोंडलाच तो. गाणी झाली की झाकलेला डबा हलवायचा आणि आत कोणता खाऊ आहे ते मुलांनी ओळखायचं. जो ओळखेल त्याचा डबा. डबा भरायचं काम मी हट्टानं मागून घेतलं. सकाळीच भरून गुलाबाईजवळ ठेवला. आत काय, ते सूनबाईलासुद्धा सांगितलं नाही.

संध्याकाळी मुलांच्या आयाही जमल्या होत्या. मी डबा हलवला. आवाजच नाही!

"पेढा!"

"केळं!"

"आबांची कवळी!"

सगळ्यांत लहान धनू शांतपणे म्हणाली, "काहीच नाही."

उघडला. काहीच नव्हतं!

धनूसाठी टाळ्या झाल्या. सूनबाईनं डबा माझ्या हातातून काढून घेतला. "राहू द्या बाबा, मी बघते."

मी भरला होता, असं म्हणायचा धीर झाला नाही. माझीच खात्री नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात जाणं बंद केलं.

*

परवा धनू गुलाबाईचं बोलावणं करायला घरी आली. आता सहावीत आहे. दारातच घुटमळली.

"आबा, रागावणार नाही ना? तेव्हा त्या डब्यातला खाऊ मीच खाल्ला होता. सकाळी, कोणी नव्हतं तेव्हा."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. "काय होतं त्यात?"

"राजगिऱ्याचे लाडू," ती म्हणाली. "पण मऊ पडले होते!"