बटण टोरंटोत, हौद पडेगावात

“ताई, पानी आलं! पन मोटर चालूच व्हईना!”

फोनवर राबियाबी होत्या, पडेगावच्या घरातल्या तळमजल्याच्या भाडेकरू. शुक्रवार, सकाळचे पावणेअकरा.

“बटण दाबलं का?”

“धा बार दाबलं. मुर्दा है वो बटन.”

मुर्दाच होतं. आठ दिवसांपूर्वी त्या बटणाचा कारभार टोरंटोला गेला होता.

मी भाड्याची घरं सांभाळते. म्हणजे मालक परदेशी, घर इथं आणि मध्ये मी. भाडेकरू शोधायचा, करार करायचा, गळका नळ बघायचा, भांडणं मिटवायची. पडेगावचं हे दोन मजली घर टोरंटोतल्या एका साहेबांचं. साहेब याच गल्लीत वाढले आणि वीसेक वर्षांपूर्वी तिकडं गेले. मागं एक भाडेकरू मोटर चालू ठेवून बाजारात निघून गेला. टाकी वाहिली, भिंतीला ओल धरली. तेव्हापासून साहेबांचा इथल्या कुणाच्याच हातावर विश्वास राहिला नाही. त्यांनी स्मार्ट स्विच पाठवला. भिंतीवरचं बटण बंद. मोटर त्यांच्या फोनवरून चालणार. सोबत गच्चीवर कॅमेरा.

“टायमर लावलाय ताई. दर गुरुवारी नऊला मोटर सुरू, वीस मिनिटांनी बंद. तुमचा त्रास वाचला.”

“साहेब, पाणी गुरुवारीच येईल असं नाही. पाळी सरकते.”

“आमच्या वेळी तर रोज यायचं.”

हे वाक्य मला प्रत्येक लांबच्या मालकाकडून ऐकावं लागतं. प्रत्येकाचं गाव तो गेला त्या दिवशी थांबलेलं असतं.

आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, कधी त्याहून उशिरा. आलं की तासभर. ते आधी जमिनीतल्या हौदात पडतं. या घराचा हौद लहान. तो भरला की लगेच मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाक्यांत चढवायचं, म्हणजे नळ बंद होईपर्यंत हौद पुन्हा भरतो. तासात दोन हौद मिळाले तर आठवडा निघतो. एकच मिळाला तर निघत नाही. हिशेब एवढाच आहे, पण तो हौदाजवळ उभं राहूनच कळतो.

त्या आठवड्यात गुरुवारी पाणी आलंच नाही. टायमरप्रमाणं मोटर मात्र सुरू झाली आणि वीस मिनिटं कोरडी घरघरली. शुक्रवारी पाणी आलं तेव्हा टोरंटोत मध्यरात्र उलटून गेली होती. मी तीनदा फोन केला. साहेब झोपलेले. हौद काठोकाठ भरला, नळ गेला. संध्याकाळी मेसेज आला, ‘सॉरी, आत्ता मोटर लावली. पुढच्या वेळी आदल्या दिवशी कळवा.’ आदल्या दिवशी! इथं लाईनमन व्हॉल्व्ह फिरवतो तेव्हा गल्लीला कळतं.

सोमवारी टाक्या खडखडीत झाल्या. गल्ली इतकी अरुंद की टँकर आत वळत नाही. वरच्या मजल्यावरचं जोडपं कुलूप लावून सासरवाडीला गेलं. राबियाबी कुठं जाणार? त्यांचे मिस्टर दोन वर्षांपासून अंथरुणावर. पूर्वी रिक्षा चालवायचे. मग अर्धांगवायू झाला. त्यांची चादर रोज बदलावी लागते, रोज धुवावी लागते. कधी दिवसातून दोनदा. शेजाऱ्यांनी प्यायला दोन घागरी दिल्या. ज्याचं त्याचं पाणी मोजून असताना चादरी धुवायला कोण देणार?

मंगळवारी मी गेले तेव्हा त्यांना प्लास्टिकच्या कागदावर झोपवलेलं होतं. एरवी मला बघून “आओ ताई, बैठो” म्हणणारा माणूस भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी “भाईजान” म्हणून हाक मारली. ते वळले नाहीत.

राबियाबी मला बाहेर घेऊन आल्या. “शरम वाटती त्यान्ला. ताई, घर सोडावं म्हनते. पन असा मानूस घेऊन कोन घर देतं?”

मी पायऱ्या उतरत होते तेवढ्यात साहेबांचा मेसेज आला. कॅमेऱ्यातला गच्चीचा फोटो आणि खाली लिहिलेलं, ‘गच्ची आज किती स्वच्छ! त्या चादरी काढायला लावल्यात, थँक यू.’ पुढं अंगठा.

माझं डोकं फिरलं. गच्चीवरच्या चादरी वाईट दिसतात, अशी त्यांची तक्रार कॅमेरा लागल्यापासून चालू होती. मी तिथंच पायरीवर बसून बबन इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

बबन आला, स्विच बघितला आणि हात मागं घेतला. “ताई, हे साहेबांनी बसवलेलं. परमिशन हाय का?”

“आहे. पर्समध्ये.”

मुखत्यारपत्र म्हणजे मालकाच्या वतीनं सह्या करायचा आणि काम करून घ्यायचा कागद. साहेबांनी तो मला रीतसर दिलेला. भाडेकरू ठेवायचा अधिकार माझा, काढायचा अधिकार माझा, आणि मोटरचं बटण दाबायचा नाही! मी कागद उलगडून बबनला वाचून दाखवला: ‘घराच्या देखभालीसाठी जे जे आवश्यक ते करण्याचा अधिकार.’

“जे जे,” मी म्हटलं. “खोल ते.”

पाऊण तासात स्मार्ट स्विच खाली आला आणि साधं बटण वर गेलं. टाकी वाहण्याची साहेबांची भीती काही खोटी नव्हती. म्हणून वरच्या टाकीत फ्लोट बसवून घेतला. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. ही वस्तू मुकुंदवाडीच्या दुकानातही मिळते. तिला टोरंटो लागत नाही.

संध्याकाळी फोन आलाच.

“ताई, माझं डिव्हाईस ऑफलाईन दाखवतंय.”

“ते माझ्या कपाटात आहे. मी काढलं.”

“कुणाला विचारून?”

“तुमच्याच कागदाला.”

“घर माझं आहे!”

“घर तुमचंच आहे, साहेब. त्यात राहणारा माणूस कालपासून प्लास्टिकवर पडलाय. त्याच्या चादरी धुवायला पाणीच नाही, म्हणून तुम्हाला गच्ची स्वच्छ दिसली.”

साहेब थंड आवाजात म्हणाले, “मी तुमचं मुखत्यारपत्र रद्द करतो.”

“करा. तिथं वकिलातीत सही करा, कागद इकडं पाठवा. तो हातात पडेपर्यंत मोटर राबियाबी लावणार. आणि नव्या माणसाला हौद दाखवायला मी स्वतः येईन.”

मी सांभाळते त्यातली आणखी चार घरं याच साहेबांच्या ओळखीतल्या मालकांची होती आणि ती जाणार असं धरूनच मी बोलले होते.

त्या वेळी पाणी शनिवारी आलं. मी मुद्दाम गेले. राबियाबींनी पदर खोचला आणि बटण दाबलं. मोटर सुरू झाली. दोन हौद मिळाले. मी निघाले तेव्हा आतून आवाज आला, “ताई, चाय पीके जाव.” मी चहा घेतला.

स्विच मी कुरिअरनं टोरंटोला पाठवून दिला. रद्द केल्याचा कागद अजून आलेला नाही. वकिलातीत जायला साहेबांना सवड नसावी. लांबून घर सांभाळता येतं, मी इतकी वर्षं तेच करून देते. फक्त बटण पाण्याजवळ राहणाऱ्याच्या हाताशी ठेवावं.

कॅमेरा मात्र मी काढला नाही. पाणी आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, साहेबांचा मेसेज आला, ‘गच्चीवर पुन्हा चादरी?’

मी लिहिलं, ‘व्हय. पाणी आलंय.’